कारणाचा रकाना

कचेरीत अंगठ्याने हजेरी घेणारं मशीन बसलं आणि पहिल्याच महिन्यात, कामाच्या बावीस दिवसांपैकी अकरा दिवस, मी गैरहजर लागले. पंचवीस वर्षांत मला कधी उशीर झाला नव्हता. मशीनवर माझा अंगठा उमटत नव्हता. मागे रांग खोळंबलेली. शिपाई म्हणाला, "बाईनु, मागच्या जल्मी चोर होतास काय? ठसेच ठेवूक नाय!" सगळे हसले. मीही हसले.

ठसे कुठे गेले ते मला ठाऊक होतं. नवव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी आईबरोबर कारखान्यात काजू फोडले. भाजलेल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख चोळायचो, तरी बोटांची टोकं सोलून निघायची. ती भरायच्या आत पुढचं पोतं समोर असायचं. संध्याकाळी पेजेत शितं शोधावी लागत. चोविसाव्या वर्षी लिपिकाची नोकरी लागली, म्हणून माझी दोन मुलं एक दिवसही उपाशी निजली नाहीत. कचेरीत कुणी हातांबद्दल विचारलं तर मी विषय बदलायचे.

गैरहजेरी अशीच लागत राहिली तर सेवेत खंड पडणार होता. निवृत्तीला नऊ वर्षं उरली होती. मशीनऐवजी सही करण्याच्या सवलतीसाठी अर्ज होता. त्यात एक रकाना : ठसे न उमटण्याचे कारण. मी लिहिलं, 'वयाच्या नवव्या वर्षापासून काजू फोडण्याचे काम.'

साहेबांनी वाचून कागद परत सरकवला. "बाई, ही बालमजुरी झाली. कारखाना कुठला, मालक कोण, साल कुठलं, वरून सगळं विचारतील. फाईल फिरत राहील. तोवर तुमची हजेरी कोण लावणार? त्वचारोग लिहा."

"पण साहेब, रोग नव्हता."

"मला कळतंय हो. मशीनला कळायला नको?"

मी नवा अर्ज घेतला. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, सगळं खरं. त्या एका रकान्यात त्वचारोग. डॉक्टरांनी माझ्या हातांकडे न बघताच दाखला दिला. तीन दिवसांत मंजुरी आली.

आई माझ्याकडेच, जामसंड्याला असते. त्र्याहत्तर वर्षांची आहे. आनंदाची बातमी म्हणून मी तिला सांगायला गेले.

"काय लिवलंस?"

"त्वचारोग."

"कोणाक?"

"माका."

"माज्या घरात कोणाक रोग नाय होतो गो. काम होता."

मी म्हटलं, "आये, नोकरी ऱ्हवली ना?"

ती उठून परसात गेली. दुसऱ्या दिवसापासून मशीनऐवजी मी वहीत सही करू लागले. चार दिवस आई माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती माझ्या मुलीशी, आणि काजूचा कारखाना कुठे होता ते तिने तिला सांगितलं. मालकाच्या नावासकट.