पतीचं नाव विचारलं तेव्हा

आमच्या बालाघाटात, म्हणजे मध्य प्रदेशात, बुढ्या माणसांसाठी एकदा शिबिर लागलं होतं, तपासणीचं. तिथं एक रंगीत कागद हाती दिला. हिंदीत लिहिलं होतं की घरात विसरभोळं माणूस असेल तर सांभाळणाऱ्यानं पुरेशी झोप घ्यावी, मन रमवावं आणि जबाबदारी नातेवाइकांत वाटून घ्यावी. वाचून मला हसूच आलं. ज्यानं हे लिहिलं, त्यानं माझा दीर पाहिला नव्हता.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, तेव्हा गॅस उघडा सोडून मोकळ्या होत. जेवल्यावर पुन्हा ताट मागत, अन् मी देत नाही म्हणून शेजारी सांगत. दीर गोंदियात, दीड तासाच्या वाटेवर. फोन केला की म्हणत, "वहिनी, वय झालं तिचं. बिमारी हाय असं डॉक्टरच्या हातचं लिहून आणा, मग सहा महिने मी नेतो."

तेवढ्या एका कागदासाठी मी आत्याबाईंना नवं लुगडं नेसवून शिबिरात नेलं होतं.

डॉक्टर तरुण, हिंदी बोलणारा. "अम्माजी, आज कौन सा दिन है?"

"मले काय कचेरीत जाचं हाय?" आत्याबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. डॉक्टरला मराठीतलं हिंदीत मीच सांगत होते, म्हणजे जबाब थोडा सावरून सांगत होते. चारचौघांत सासूची फजिती कशी होऊ द्यायची?

मग त्यानं विचारलं, "पति का नाम?"

आत्याबाईंनी पदर तोंडावर ओढला अन् लाजल्यासारखं हसल्या. मी लगेच पुढे होऊन बोलले, "डॉक्टर साहब, हमारे में औरतें पति का नाम नहीं लेतीं."

शेजारची नर्स मराठी होती. तिनं आग्रह केला, "उखाण्यात घ्या न आजी!"

आत्याबाईंनी पदर अजून खाली ओढला. याच बाई हळदीकुंकवाला एकामागून एक दहा उखाणे घ्यायच्या. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मला कौतुक वाटलं, या वयातही किती मर्यादा पाळतात म्हणून. डॉक्टरनं त्या प्रश्नापुढं बरोबरची खूण केली अन् लिहिलं, उम्र का असर. वरून ताकदीच्या गोळ्या.

दिरांना तो कागद फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "पाहा, काही नाही तिले. तुम्हालेच जड होऊन राह्यली ते."

त्यानंतर महिनाभरात, एका दुपारी मी मामंजींच्या तसबिरीचा हार बदलत होते. आत्याबाई मागं उभ्या होत्या.

"हा बुढा कोन हाय वं?" त्यांनी विचारलं. "रोज हार काहून घालतं त्याले?"

हातातला हार तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी नाव गिळलं नव्हतं, नाव त्यांच्याजवळ नव्हतंच. अन् मी मोठ्या तोऱ्यात मर्यादेच्या गोष्टी सांगत बसले होते.

पुढे आमच्या खर्चानं मोठा डॉक्टर गाठला. त्यानं बिमारीचं नाव लिहून दिलं. पण तोवर आत्याबाईंना घरातला संडासही सापडत नव्हता. दीर म्हणाले, "आता नव्या जागी नेलं तर घाबरन ते. तुमच्याच हाताची सवय हाय." कागद परत माझ्याच पेटीत आला. चार वर्षं सगळं मीच केलं. तेराव्याला दीर सगळ्यांच्या पुढे होते, आईच्या आठवणी सांगत.

आता माझी सून आहे, तिचं हिंदीच चांगलं. तिला मी सांगून ठेवलं आहे: "उद्या माझ्यावर पाळी आली अन् डॉक्टरनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी लाजली असं सांगशील नको. याद नाही, असंच सांग."

ती म्हणते, "क्या मम्मीजी, आप भी ना!"

म्हणून हल्ली सकाळी चहा देताना मी ह्यांना चक्क नावानं हाक मारते, मोठ्यानं. पहिल्या दिवशी ह्यांच्या हातचा कप हिंदकळला. लोक काय म्हणतील, म्हणाले. म्हणू दे.