दोन इंजिनं, एक नंबर

समस्त शहापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या जेवणाच्या टेबलावर रेल्वे अपघात झाला आहे.

शेजारचे अण्णा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. त्यांनी आपलं लाडकं, हातभर लांबीचं मॉडेल इंजिन विश्वासानं माझ्याकडे सोपवलं होतं. त्यात मी डिकोडरची, म्हणजे रुळांतून आलेला हुकूम ओळखणारी, चिमुकली चिप डाख देऊन बसवली. आता त्याला स्वतःचा नंबर द्यायचा, म्हणजे ते फक्त त्या नंबरचा हुकूम ऐकणार. नंबर देताना रुळांवर दुसरं इंजिन ठेवायचं नसतं. माझं मात्र समोर तोंड करून उभंच होतं. दोन्ही इंजिनांनी बारा नंबर घेतला.

अण्णांनी ऐटीत बटण फिरवलं. दोन्ही इंजिनं समोरासमोर धडकली आणि अण्णांचं आडवं झालं. अण्णा ओरडले, "उभ्या नोकरीत एक टक्कर न्हाय केली रं मी, ती तुझ्या टेबलावर करायला लावलास की!"