फोटोतली हिरव्या लुगड्यातली बाई

तुमच्या मासिकातलं हे सदर मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय, वळणावर लिफ्ट मागणारं कुणीतरी... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, आणि आजही फारसा नाही. मी स्टेनो. साहेब बोलले ते लिहून घ्यायचं आणि टाइप करायचं, यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. ‘पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि एक गाळायचा नाही’ असं आमच्या क्लासच्या बाई म्हणायच्या. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात मीठमसाला नाही, एवढं धरून चाला.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. आम्ही नेरूळला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. सोसायटीतले अर्धे फ्लॅट रिकामे, समोर नुसतं मैदान. माझं ऑफिस बेलापूरला. शनिवारी दुपारी घरात बसून भिंती बघण्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून मी जवळच्या एका अनाथाश्रमात जायला लागले. नाव लिहीत नाही, तो आता बंद झाला आहे.

दोन रो-हाउस जोडून केलेली जागा आणि बावीस मुलं. चालवायचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. पाठीशी होती इंग्लंडातल्या एका गावातली चिमुकली संस्था. पाच-सात माणसं, बहुतेक म्हातारी. ती जुने कपडे आणि घरी केलेले केक विकून आमच्या मुलांचं दूध-दप्तर बघायची. प्रत्येक मुलाला तिकडे एक पालक नेमून दिलेला. मुलाने तीन महिन्यांनी पालकाला पत्र पाठवायचं, वर्षातून एकदा फोटो. तिकडून उत्तरं यायची.

हे पत्रांचं खातं सरांनी माझ्याकडे दिलं. मुलं मराठीत सांगायची, मी शॉर्टहँडमध्ये घ्यायचे आणि रविवारी इंग्रजीत टाइप करायचे. पहिल्याच दिवशी सर म्हणाले,

“ताई, एक लक्षात ठेवा. प्रत्येक पत्रात दुसरं वाक्य ठरलेलं. मला आई-वडील नाहीत, तुम्हीच माझं कुटुंब आहात. तिकडच्या लोकांना बरं वाटतं.”

“पण मुलं तसं सांगतात का?”

“मुलांना काय कळतंय, ताई? खरं तेच तर लिहायचंय.”

सर भला माणूस. स्वतः मुलांच्या डोक्याला तेल लावून द्यायचे. मी कशाला शंका घेऊ? उलट ते वाक्य मी चांगल्या इंग्रजीत घोटून घोटून बसवलं. छान जमलं होतं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा.

आता हेमा. मी गेले तेव्हा पाच वर्षांची, गोष्ट घडली तेव्हा आठ पूर्ण. काळी-सावळी, तरतरीत, पत्र सांगताना एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभी राहायची. “लिहा, माझ्याकडून चिक्कूची बी गिळली गेली.” “लिहा, आमच्या इथे मांजरीला चार झाली.” तिची पालक होती एडना नावाची एक आजी. एडनाआजीची पत्रं टाइप केलेली असायची आणि गमतीदार असायची. मांजरीच्या चारही पिल्लांना तिने पत्रातून नावं पाठवली होती.

तिसऱ्या वर्षी नेहमीप्रमाणे फोटो काढले. नेरूळच्या मार्केटमधला फोटोग्राफर आला, मुलांना एकेक करून निळ्या गेटसमोर उभं केलं. प्रत्येकाच्या दोन कॉप्या, एक तिकडे आणि एक आमच्या फाइलीत. मी स्वतः तिथे उभी राहून केस नीट करत होते.

पुढच्या पत्रात एडनाआजीने लिहिलं, “फोटो सुंदर आहे. तुझ्या मागे हिरव्या कपड्यातली बाई उभी आहे, ती कोण?”

मी फाइलीतला फोटो काढून पाहिला. हेमा, गेट, गेटची कडी. बस्स. म्हातारीने दोन फोटोंची सरमिसळ केली असणार, असं समजून मी कळवून टाकलं की मागे कुणीही नाही.

त्याचं उत्तर आलं ते असं... “तुझ्या ताई म्हणतात कुणी नाही. पण ती आहे. साडी पायांत घेऊन घट्ट नेसली आहे. एक हात तुझ्या डोक्यावर ठेवलाय. दुसऱ्या हातात पुरुषाचं घड्याळ आहे, इतकं मोठं की तिने ते पार कोपरापर्यंत सरकवलं आहे. त्याची काच तडकलेली आहे.”

हे मी हेमाला मराठीत वाचून दाखवत होते. हसू येत होतं मला. पण घड्याळाशी आले आणि हेमाचं पाय घासणं थांबलं.

“ते बाबाचं घड्याळ हाय,” ती म्हणाली. “बंद हाय ते.”

तीन वर्षांत ती माझ्याशी शाळेचं ‘आहे’ बोलत आली होती. ‘हाय’ मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“कुणाच्या हातात असतं ते, हेमा?”

“आयच्या. मासली सुकवताना वर सरकवते.”

“आणि आई कुठे आहे?”

“सर म्हनले, देवाघरी.”

त्या संध्याकाळी मी फोटोग्राफरकडे जाऊन निगेटिव्ह मागितली. त्याने ती दिव्याच्या काचेवर धरली, भिंग दिलं. मी दहा मिनिटं बघत होते. कुणी नव्हतं. “डबल एक्स्पोजर वगैरे?” मी विचारलं. “मॅडम, मी लग्नाचे फोटो काढतो. असं झालं तर लोक मारतील मला.” मग मी म्हटलं, मुलीने कधीतरी घड्याळाचं सांगितलं असेल आणि मीच लिहिलं असेल पत्रात. शॉर्टहँडच्या सगळ्या वह्या मी जपून ठेवते. हेमाची बाराच्या बारा पत्रं तपासली. घड्याळ कुठेच नव्हतं. आई हा शब्दही फक्त त्या एका ठरलेल्या वाक्यात, आणि ते वाक्य तर वहीत नव्हतंच. ते फक्त टाइप केलेल्या कागदावर होतं.

हे सगळं मी कदाचित सोडूनही दिलं असतं. पण त्याच महिन्यात सरांनी मला हेमाचे दत्तकाचे कागद टाइप करायला दिले. त्या संस्थेच्या ओळखीतलं एक जोडपं तिला इंग्लंडला नेणार होतं. चांगली माणसं होती. मुलीचं कल्याण झालं असतं, असं सगळेच म्हणत होते, मीसुद्धा. आईच्या नावापुढे एक शब्द टाइप करायचा होता... ‘मयत’. मी मशीनमध्ये कागद घातला आणि एडनाआजीचं नवं पत्र उघडलं, कारण ते त्याच टपालात आलं होतं. त्यात एवढंच होतं, “तू इकडे येणार असं कळलं. मला फार आनंद होईल. पण त्या हिरव्या साडीतल्या बाईला विचारलं का?”

मला तेव्हा भीती वाटली. भुताची नाही. त्या शब्दाची वाटली, जो मी टाइप करायला निघाले होते.

रविवारी सकाळी मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात गेले. साडीचं नेसणं, सुकवलेली मासळी, आणि मला आसपासचा माहीत असलेला कोळीवाडा तोच. “तू? दिवाळ्याला?” आमचे हे म्हणाले. “बाजारात मासळीच्या गल्लीतून जाताना नाक धरतेस.” धरलंच होतं. खाडीच्या कडेला वलांडींवर, म्हणजे बांबूंच्या मांडवांवर, बोंबील टांगलेले, बायका खाली जवळा सुकायला पसरत होत्या. मी पहिल्या दिसलेल्या म्हातारीला विचारलं, “मावशी, हातात पुरुषाचं मोठं घड्याळ घालणारी बाई आहे का इथे कोणी?”

“गोमती?” म्हातारी म्हणाली. “ती काय तिकडं.”

लुगडं हिरवं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण मी सगळं खरं लिहायचं ठरवलंय. त्या दिवशी तिने जांभळं नेसलं होतं. पण डाव्या हाताला कोपराजवळ घड्याळ होतं, काच तडकलेली.

“तुम्हाला मुलगी आहे का?” मी विचारलं.

तिने हातातला जवळा खाली टाकला. “व्हती. का गं बाय?”

“हेमा?”

“कनी हाय ती? जित्ती हाय?”

मग कळलं ते असं. नवरा वारला, पाठोपाठ हिला टीबी. आश्रम तेव्हा बेलापूर गावात भाड्याच्या दोन खोल्यांत होता. पोरीला ‘बोर्डिंगात’ ठेवतोय, बरी झालीस की ने, असं सांगून सरांनी कागदावर अंगठा घेतला. अकरा महिने ही हॉस्पिटलात. परत आली तर खोल्यांत भलतीच माणसं राहायला आलेली. शेजारी म्हणाले, गोरी माणसं गाडी घेऊन आली होती, पोरांना बाहेरदेशी नेलं. आश्रम फक्त नेरूळला हलला होता. गोरी माणसं सामान हलवायला मदत करत होती.

“चार वर्सं झाली,” ती म्हणाली. “मी म्हनलं, इमानानं गेली माजी पोर. कनी शोदू? आता कनी हाय?”

“नेरूळला.”

“नेरूळला? मी तं रोज नेरूळला मासली इकाया येतंय, बाय.”

मला तिथे, त्या वासात, रडू कोसळलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने मला समजवावं, असा तो उलटा प्रकार.

“तुला कुनी सांगितलं माज्याबद्दल?” रिक्षात तिने विचारलं.

“एका आजीने,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

सरांशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे मीच ओरडले. ते खाली बघून म्हणाले, “ताई, डॉक्टर म्हणाले होते ती वाचायची नाही. आणि तिकडच्या लोकांचा नियम, अनाथ असेल तरच पालक मिळणार. मी मुलीला रस्त्यावर सोडू?”

“ती वाचली, सर.”

“मला कोण येऊन सांगणार? आणि आई-वडील नाहीत हे मी कुठे लिहिलंय? पत्रं तुम्ही टाइप केलीत.”

ती इंग्लंडातली माणसं आमच्यावर विश्वास ठेवून होती, मी सरांवर, आणि सर डॉक्टरच्या एका वाक्यावर. कुणीही जाऊन बघितलं नव्हतं.

हेमा महिनाभरात घरी गेली. गेटपाशी आई दिसल्यावर ती धावत वगैरे गेली नाही. जवळ गेली, आईच्या हातावरचं घड्याळ बोटाने खाली मनगटापर्यंत आणलं, ते लगेच निसटून खाली पडलं आणि दोघी हसायला लागल्या. पुढे बाकीच्या मुलांच्या फाइली तपासायला लावल्या, आणखी तिघांची घरं सापडली. एडनाआजीला मी सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या हिवाळ्यात त्या संस्थेची रूथ नावाची एक तरुण व्हॉलंटियर नेरूळला आली. भारतात पहिल्यांदाच. तिने माझ्या हातात एक पाकीट दिलं. एडनाआजी गेली होती, माझं पत्र पोचायच्या आठवडाभर आधी. पाकिटात हेमाचा तो फोटो होता, कडा हाताळून मऊ झालेल्या. मी झटकन बघितलं. हेमा, गेट, कडी.

“तुम्ही हा फोटो बघितला होता?” मी विचारलं.

“रोज,” रूथ म्हणाली. “एडनाची पत्रं मीच टाइप करायचे. ती सांगायची.”

“का? हात थरथरायचे?”

“नाही, तिला दिसत नव्हतं. बारा-तेरा वर्षं झाली होती दृष्टी जाऊन. ती फोटो मांडीवर घेऊन बसायची, त्यावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची.”

मीही फोटोवरून अंगठा फिरवून पाहिला. मग विचारलं, “तुम्हाला तर दिसत होतं ना, मागे कुणी नाही ते? मग लिहिलंत कसं?”

रूथला प्रश्नच कळला नाही. “पत्र तिचं होतं,” ती म्हणाली. “ती जे बोलली ते मी लिहिलं.”

आंधळ्या म्हातारीला सात समुद्रापलीकडे बसून दिवाळ्याच्या गोमतीचं घड्याळ कसं दिसलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फोटो माझ्या कपाटात आहे. काढला की त्यात हेमा एकटीच असते. पण मला दर वेळी आठवते ती रूथ. तिला शॉर्टहँड येत नव्हतं, दोन बोटांनी टाइप करायची, आणि तिने पदरचा एक शब्द घातला नाही की गाळला नाही. स्टेनो मी होते. आणि जी मुलगी एकदाही म्हणाली नव्हती की मला आई नाही, तिच्या नावाने मी ते बारा वेळा लिहिलं.