दिगंबरच्या शोधनिबंधांची यादी

शास्त्रज्ञ जातो, त्याचे संशोधन मागे राहते. तेलगावच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटले आणि दिगंबरने नेमके काय संशोधन केले, हे तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही. मला आले असते. पाच आठवड्यांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, ‘‘भाऊ, दादा गेले हो...’’ तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा की आता यादी वाढणार नाही. लगेच लाज वाटली. मग आठवले की छापायला दिलेले दोनेक निबंध असतीलच.

आम्ही दोघे एकाच वर्षी, एकाच सरांकडे पीएच.डी.ला लागलो. कार्बनची दोन कडी एकमेकांना जोडायची, हे काम. त्यासाठी पॅलेडियम हा महाग धातू लागतो. तेच स्वस्तातल्या तांब्याकडून करून घेता येईल का, हे आम्ही बघत होतो. दिगंबरच्या फ्लास्कमध्ये ते व्हायचे, माझ्या फ्लास्कमध्ये नाही. तेच तांबे, तेच द्रावण, तेवढेच तापमान... चार महिने. मी दर वेळी भांडी सोनेही विरघळवणाऱ्या आम्लराजाने धुवायचो. द्रावण ढवळायची चुंबकी कांडी, जिला लॅबमध्ये सगळे नीडल म्हणायचे, तीही घासून पांढरी करायचो. दिगंबरच्या नीडलवर जुन्या प्रयोगांचे काळे डाग तसेच असत.

‘‘कावून एवढं धुतोस बे? लग्नाला चाललीय का ती?’’

‘‘तुझ्यासारखी घाण ठेवत न्हाई मी.’’

‘‘पण माझं होतंय की!’’

मी नीडल पुन्हा घासायला घेतली. एक दिवस सर म्हणाले, ‘‘मधुकर, तुझ्या हाताला गुण नाही.’’ त्या वाक्यावर मी संशोधन सोडले आणि घाटनांदूरला शिकवायला लागलो. दिगंबरचा तांब्यावरचा पहिला निबंध त्याच वर्षी आला. पुढे धातू आणि कार्बन यांना एकत्र बांधून केलेली त्याची उत्प्रेरके, त्यांच्या मदतीने तयार झालेले औषधी रेणू, परदेशातली व्याख्याने... प्रत्येक निबंधाची प्रत तो मला पोस्टाने पाठवायचा, कोपऱ्यात ‘वाच बे’ लिहून. मी लाल पेन घेऊन वाचायचो. इतक्या वर्षांत मला एक चुकलेला स्वल्पविराम सापडला. तो मी त्याला आवर्जून कळवला.

दहाव्यानंतर दिगंबरच्या पत्नी सुमनवहिनींनी त्याच्या निबंधांची फाइल पुढे ठेवली. ‘‘भावजी, यादी नीट लावून द्या. त्यातलं तुमालाच कळतं.’’ मी आनंदाने हो म्हटले. एखादा निबंध दोनदा मोजलेला सापडेल, अशी मला मनापासून आशा होती. सापडला तो मला कधीच न पाठवलेला, दोन पानांचा एक. त्यात दिगंबरने लिहिले होते की आपला पहिला निबंध चुकीचा होता. काम तांब्याने केलेच नव्हते. नीडलच्या काळ्या डागांत जुन्या प्रयोगांचे पॅलेडियम अडकून राहिले होते, ते त्याने केले. नवी नीडल टाकली की काहीच घडत नाही. शेवटी एक ओळ: आपली उपकरणे काटेकोर धुणाऱ्या मधुकर या सहकाऱ्याला हे योग्य उत्तर तेव्हाच मिळाले होते, त्याचे आभार.

हा दोन पानांचा निबंध छापून आला तेव्हा मला नोकरी लागून नऊ वर्षे झाली होती. माझ्या हाताला गुण होता, आणि हे दिगंबरला ठाऊक होते. मी वहिनींना विचारले, मला का नाही कळवले?

‘‘दर दिवाळीला म्हणायचे, औंदा सांगतो मध्याला. कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून राहून जायचं... मंग म्हणायचे, जाऊ दे, लई मिरवंल तो.’’

मी मिरवलो असतो, यात शंका नाही. पण त्या दुपारी मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या फ्लास्कमध्ये न घडलेल्या प्रयोगावरही निबंध झाला, तो त्याचाच. चूक कबूल करण्यातही हा माझ्या पुढे! यादीत मी तो निबंध त्याच्या जागी लावला; ठळक अक्षरांत लावला, एवढे मात्र केले. मग वाटले, निदान जगाला तरी माझी बाजू कळली असेल. इतर संशोधकांनी या निबंधाचा आधार किती वेळा घेतला, ते माझ्या पुतणीने इंटरनेटवर शोधून दिले.

एकदा. तो घेणाराही दिगंबरच.