मीनाच्या नावाची डबी

यवतमाळहून सकाळी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. आमच्या घरी पत्रकं निघत. वडिलांनी लिहायची, आईनं घड्या घालायच्या, मी चौकात वाटायची. त्यामुळे आदिलाबाद जिल्ह्यात लहान मुलांच्या पोटातल्या परजीवींचा तपास चालू आहे असं कळलं, तेव्हाच मी मनाशी एक मथळाही ठरवून टाकला होता. पैनगंगेच्या पुलावरून पाहिलं तर दोन्ही काठांवर कापूस सारखाच फुटला होता.

आदिलाबादच्या बसस्टँडवर शैलजा भेटली. ती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत काम करते. घरचं तेलुगू, पण मराठी समजून घेते आणि बोलते. मुलांच्या विष्ठेचे नमुने जमवायचे आणि त्यात कोणाची जनुकं सापडतात ते यंत्रावर वाचायचं, हे तिचं काम. सूक्ष्मदर्शकाला अख्खा जंतू दिसावा लागतो, यंत्राला त्याचा अंशही पुरतो. महिन्यापूर्वी तिनं भीमपूर मंडलातल्या (तालुक्याहून लहान विभाग) एका मराठी बोलणाऱ्या गावात झाकणाच्या डब्या वाटल्या होत्या. आज ती अहवाल द्यायला निघाली होती.

तेलंगणातल्या बायकांना तिथली बस फुकट, म्हणून तिनं आधार कार्ड दाखवलं आणि बसली. कंडक्टरनं माझं कार्ड उलटसुलट पाहिलं. "महाराष्ट्रा? टिकट," तो म्हणाला, आणि सगळ्या बायका हसल्या.

तामसी गावाशी बसचं चाक पंक्चर झालं. पुढे ऑटोत वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई माझ्याशेजारी होती. शैलजाच्या मांडीवरच्या थंड पेटीत काय आहे, असं तिनं विचारलं. या खेपेला पेटी रिकामीच होती, पण कशासाठी असते ते मी सांगितलं. बाईनं टोपली दुसऱ्या बाजूला घेतली.

गावात पोचलो तेव्हा बहुतेक घरांना कड्या होत्या, माणसं वेचणीला गेलेली. उघड्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर गुरांचं डबकं होतं. एका घराचा सरकारी संडास उघडून पाहिला तर आत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) रचलेल्या. माझं डोकं तापलं. पाणीच नाही तर तिथं आणखी काय ठेवतील? मी वही काढली. शैलजा म्हणाली, आधी भेटू, मग लिही.

ज्यांच्या मुलीचा अहवाल होता त्या गंगाबाई आमच्यासाठी शेतातून लवकर आल्या होत्या. त्यांची थोरली मीना, वय सात, खांबाला टेकून बसलेली. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. पावसाळ्याआधीपासून पोट दुखायचं, ढाळ लागायचे, मध्येच चार दिवस बरं वाटायचं. दवाखान्यात एकदा तपासलं, काही दिसलं नव्हतं. शाळा सुटलीच होती. डॉक्टर म्हणाले होते, जनुकांचा अहवाल येऊ द्या, मग औषधाचं ठरवू. म्हणजे सगळं त्या कागदावर होतं.

शैलजानं कागद वाचून समजावला. मीनाच्या नमुन्यात काहीही सापडलं नव्हतं.

मी टाळी वाजवणार होते. पण गंगाबाईंचा चेहरा उजळला नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शैलजानं कागद बाजूला ठेवला आणि हळूच विचारलं, त्या दिवशी सकाळी काय झालं होतं?

मग गंगाबाई म्हणाल्या, "पोट्टी दोन दिस परसाकडे गेलीच नाही. नेमकं तवाच बंद झालं तिचं. तुमी दारात उभ्या. डबी रिकामी कशी देऊ वो?"

तिच्याऐवजी त्यांनी धाकट्या चिमीची शी भरली होती. तीन वर्षांची, अजून अंगावर पिणारी, गुटगुटीत चिमी.

माझ्या तोंडाशी एक अख्खं भाषण आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात सरकी काढत बसलेल्या सासूबाई सुनेची बाजू घेऊन उठल्या. "माह्या सुनेनं शेजारणीची वाटीबी कधी रिकामी नाही धाडली. तुमची डबी काऊन धाडीन? तुमीच सांगाचं होतं, रिकामी चालते म्हणून."

शैलजानं मान खाली घातली. खरंच, ते तिनं सांगितलं नव्हतं. घरोघर फिरून तिनं झाकण कसं लावायचं, हात कसे धुवायचे, सगळं दाखवलं होतं. आलेलं भांडं रिकामं परत जात नाही, ही गोष्ट तिच्याही आईच्या घरी होती, पण प्रयोगशाळेत जाताना ती दाराबाहेर राहिली होती. मी वही मिटली.

आम्ही मुक्काम केला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल. मीनानं अर्धी चतकोर खाल्ली. नवी डबी तिच्यापुढे ठेवली तेव्हा ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमी पाहून राह्यल्या तर येत नाही."

शैलजानं तिला सांगितलं, नाही आली तरी चालेल, आम्ही परत येऊ. सासूबाई पुटपुटल्या की आता सुचलं. सगळेच हसले, गंगाबाईसुद्धा, त्या दिवशी पहिल्यांदा.

सकाळी आम्ही अंगणात पाठ करून बसलो. ऑटो येऊन हॉर्न देऊ लागला. ऑटोवाल्याला सासूबाईंनीच दटावलं. मग पऱ्हाट्यांच्या ढिगामागून मीना आली, दोन्ही हातांत डबी धरून, पाय जपून टाकत, काठोकाठ भरलेली घागर आणावी तशी. गंगाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

परतीच्या वाटेवर आदिलाबादपर्यंत पेटी माझ्या मांडीवर होती, तिथून शैलजा ती घेऊन हैदराबादला गेली. पुढे एकटीच्या प्रवासात नदी आली तशी गेली, मला दिसलीही नाही.

मी घरी आल्यावर काही दिवसांनी शैलजाचा फोन आला. सापडला होता. जिआर्डिया, डोळ्यांना न दिसणारा, आतड्याला चिकटून राहणारा जीव. तो रोज विष्ठेतून बाहेर पडत नाही, म्हणून दवाखान्यात हुकला असावा. जनुकांचा अनुक्रम वाचल्यावर त्याचा वाणही कळला, माणसांत सर्रास फिरणारा. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. शैलजा आता डबी देताना प्रत्येक आईला पहिलं वाक्य सांगते की रिकामी परत दिलीत तरी आम्हाला राग नाही.

मी गंगाबाईंना फोन केला. मीना उठून हिंडून राह्यली, त्या म्हणाल्या, शाळेचं दप्तर धुतलं तिनं. मग विचारलं, "पुन्ना तर नाही ना होणार, बाई?"

माझ्याजवळ वर्षानुवर्षांची उत्तरं होती, मोठ्या टायपातली. पण औषध संपलं तरी विहीर तीच आहे, डबकं तिथंच आहे. मी त्यांना खोटं सांगितलं नाही. होऊ शकतं, म्हणाले. पाणी उकळून द्या. आणि बोलताबोलताच माझ्या डोळ्यांसमोर ती लाकडं आली, जी पाणी उकळायला गंगाबाईच वेचणीवरून परतताना डोक्यावर आणणार होत्या.

"उकळीन," त्या म्हणाल्या. "दोघींसाठीबी."

पत्रक मी लिहायला घेतलं आहे. मथळा बदलला. पहिल्या ओळीत मीना नाही, तिची आई नाही, चूक कोणाची तेही नाही. ती विहीर आहे, आणि ती किती दिवसांत झाकणार, हा प्रश्न.