नाझनीनची काळी पट्टी

आमच्या लॅबमध्ये हायड्रोजन थोडाच निघाला, किस्से मात्र भरपूर! एक सांगायला बसलो की मागे दुसरा उभाच असतो. हसवायचं म्हणून सुरुवात करतो आणि सांगता सांगता माझंच डोकं तापतं.

नाझनीन ही बल्लारपूरच्या एका टेलरची मुलगी, चंद्रपूरला माझ्यासोबत पीएचडी करणारी. निकेलच्या पट्टीवर कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, चढवायचा आणि युरियाच्या द्रावणातून हायड्रोजन काढायचा, हे तिचं काम. नुसत्या पाण्यातून काढायला जी वीज लागते, त्यापेक्षा कमी विजेत. सगळी मेख त्या कमी विजेत होती.

*

मी सावलीचा, धानवाल्या घरातला. डबाभर युरिया आणायला घरी गेलो, तर ऐन हंगामात दुकानात खत नाही. बाबा म्हणाले, "धानाले टाकाले युरिया नाई, अन् तुमी त्याले करंट देऊन राह्यले?"

"बाबा, त्यातून इंधन निघते."

"मंग जेवाले तेच वाढू का?"

डबा रिकामाच परत आणला.

*

लघवीतही युरिया असतो, म्हणून होस्टेलच्या बाथरूममध्ये कॅन ठेवला. कॅन कोरडाच. पोरांत बातमी फिरली होती, की कॉलेज दारू तपासून राह्यलं. गडचिरोलीत दारूबंदी, त्यामुळे तिकडची पोरं इथे येऊन प्यायची. ती कॅन दिसला की बाहेर. तिकडच्याच आलापल्लीचा एक जण हळूच म्हणाला, "भाऊ, माह्या वाटचं तुमीच भरून टाका ना."

*

आमच्या गाइड सरांना चकाचक लॅब लागते. कमिटी येणार होती. सरांचं प्रोजेक्ट पुढे न्यायचं का आणि नाझनीनला मुदतवाढ द्यायची का, हे तीच ठरवणार होती. मुदतवाढ नाही मिळाली तर शिक्षण बंद, असं नाझनीनच्या घरी ठरलेलं होतं.

तिची पट्टी तेव्हा कुठे उत्तम चालायला लागली होती. कॅटॅलिस्टचा थर चढून काळी झाली होती. कमिटी येण्याआधी सरांना ती बीकरमध्ये दिसली. त्यांनी ॲसिडमध्ये बुडवली, ब्रशने घासली आणि कौतुकाने नाझनीनला दाखवली. "बघ, कशी चमकतेय."

ती म्हणाली, "सर, तो काळा थरच तर कॅटॅलिस्ट होता."

"मग आधी सांगायचं ना," सर म्हणाले. केमिस्ट्रीचे प्रोफेसर!

*

कमिटी आली. पट्टी कोरी, दुसरी तयार नाही. सरांनी विजेचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. एवढ्या विजेत साध्या पाण्यातूनही बुडबुडे निघतात. तसेच ते निघाले. कमिटीने टाळ्या वाजवल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "बेटा, हा हायड्रोजन युरियामुळे इतका निघतोय ना?"

सर पंख्याकडे बघू लागले. 'हो' म्हटलं असतं तर तिचं काम झालं असतं. मीही मनात म्हणत होतो, म्हण बाई, हो म्हण.

नाझनीन म्हणाली, "नाई सर. माह्या पट्टीवरचा कॅटॅलिस्ट निघून गेला. हे नुस्तं पाणी फुटून राह्यलं."

अध्यक्ष सरांकडे वळले. "वा! म्हणजे युरियासुद्धा लागत नाही. प्रोजेक्ट चालू ठेवा." मग नाझनीनकडे बघून म्हणाले, "पण बेटा, तुझा विषय तर युरियाचा होता. तुला मुदतवाढ कशी देणार?"