बहात्तर कधीचे?

मुलांनो,

रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजोबांच्या घड्याळाच्या आलेखात अकरा दिवस कोरे का आहेत?" आणि तुमच्या बाबाने घाईघाईने सांगून टाकलं, "तिकडे नेट नव्हतं." ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तुम्हाला काही कळवू नको असं मीच त्याला बजावलं होतं, तुमच्या परीक्षा होत्या म्हणून. आता परीक्षा झाल्या आहेत. शिवाय तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठीही तसलंच घड्याळ मागवल्याचं कळलं. ते इथे पोचण्याआधी हे लिहून काढते.

गणपतीत आरती चालू असताना आजोबा मटकन खाली बसले होते, ते तुम्हाला माहीत आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नाडी मधूनच फार मंद होते. औषध बदललं. पन्नासच्या खाली गेली तर वाट बघत बसू नका, सरळ घेऊन या, असं मला दोनदा सांगितलं. मग बाबाने ते घड्याळ पाठवलं. घड्याळ आजोबांच्या मनगटावर, फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि नाडीचा आकडा तिकडे बाबाच्या फोनवर. बाबा रात्री तुम्हाला झोपवता झोपवता इथल्या सकाळची नाडी बघायचा.

आजोबा म्हणायचे, "चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतलीस, आता माझ्या मनगटाची घे."

मी घेत होते. शाळेतली उरलेली एक कोरी वही होती, तिच्यात तीन रकाने आखले : वेळ, नाडी, शेरा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मला त्याने बरं वाटायचं. आखलेल्या रकान्यात भीती जरा आवरून बसते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी रेंज गेली. रस्त्याच्या कामात कुठेतरी केबल तुटली म्हणे. फोन लागेना, नेट नाही, काही नाही. जयगडच्या बंदराकडे जाणारे ट्रक तेवढे पूर्वीसारखे घरावरून धडधडत होते. मला सगळ्यात आधी आठवलं ते बाबाचं एक वाक्य. घड्याळ बांधताना तो फोनवर म्हणाला होता, "आई, नेट नसलं तरी घड्याळ आणि फोन एकमेकांशी बोलतात. आकडा दिसत राहील." मी फोन उघडून पाहिला. आकडा दिसत होता, हलतही होता. एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर. मी त्या वाक्याला घट्ट धरून बसले. ते दोघे किती अंतरावरून बोलतात हे बाबाने सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

पहिले तीन दिवस आजोबा अंगणातल्या खळ्यात आणि पडवीतच होते. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना. आंब्याच्या खालच्या कलमांना मोहोर कसा आलाय ते बघायचं होतं.

"फोन घ्या," मी म्हटलं.

"रेंज नाही तर त्या विटेला घेऊन काय करू? खिसा फाटतो नुसता."

"लवकर या."

"आलो नाही तर गैरहजर लाव."

गेले. फोन मी ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला. एरवी तो आकडा त्यांच्या खिशात असायचा, आज तो माझ्या डोळ्यांसमोर होता. ते गेले तेव्हा दहा वाजले होते. उन्हाचा ताप होता, म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची ठरवलं. सव्वादहा : बहात्तर. साडेदहा : बहात्तर. पावणेअकरा : बहात्तर. अकरा : बहात्तर. शेऱ्याच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं. चार मुलांच्या पेपरात तेच उत्तर सापडलं असतं तर चौघांनाही मी उभं केलं असतं. त्या दिवशी तोच आकडा चारदा माझ्याच अक्षरात लिहिला आणि निवांतपणे नारळ खोवायला बसले.

अकरानंतर मासेवाली आली. ती खालच्या मोहल्ल्यातली, आपल्याकडे वीस वर्षं येते. तिची ओळख तुम्हाला लगेच पटेल. थोरल्याला 'गोरा माकूल' म्हणते ती, म्हणजे पांढराफटक स्क्विड. तिने पाटी उतरवली, मी नेहमीप्रमाणे बांगड्याचा कल्ला उचलून बघितला.

"बगा, बगा. डोळ्यांत बोट घालून बगा," ती म्हणाली. "आत्ताचे हायत, बाई. आजोबा कुठं गेले? आज मस्करी करायला नाय आले."

"कलमांत गेलेत. तास झाला."

"येकटे? ह्या उन्हाचे?"

"अगं, बरे आहेत. हे बघ, नाडी बहात्तर." मी फोन तिच्यासमोर धरला.

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बांगड्याकडे.

"कवाची?"

"काय कवाची?"

"नाडी, बाई! माज्या माशांचे कल्ले उचलून उचलून बगता, कालचा का आजचा. मग ह्यो आकडा कवाचा ता बगायला नको?"

मी हसले. हसता हसताच चष्मा नाकावर सारला. आकड्याखाली करड्या रंगात बारीक अक्षरं होती, मी रोजच बघत होते तशी. इंग्रजीत होती. आयुष्यभर मुलांना इंग्रजी वाचायला शिकवणारी मी, आणि ती ओळ मी एकदाही वाचली नव्हती. शेवटची नोंद दहा वाजून सात मिनिटांची होती.

दहा सातला आजोबा विहिरीशी असतील. त्यापुढचं काहीच माझ्याकडे नव्हतं.

हातातला बांगडा खाली पडला. मी "अहो!" म्हणून ओरडले, पण आवाज खळ्याच्याही बाहेर गेला नसेल. ती मात्र उठली होती. "चला," म्हणाली आणि मागच्या दाराने निघालीसुद्धा. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. विहिरीच्या मागून दगडी गडग्याची खिंड ओलांडायची, मग चिऱ्याच्या सत्तावीस पायऱ्या उतरायच्या. एका हाताने भिंत धरून आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मी उतरत होते. बहात्तर तसाच होता. मला त्या आकड्याचा राग येत होता, आणि तो तसाच राहावा असंही वाटत होतं. नवीन आकडा काय असेल याची मला दहशत बसली होती.

शेवटच्या पायरीवर फोन हातात थरथरला. बहात्तर गेला. एकोणचाळीस आला.

आधी आकडा आला, मग आजोबा दिसले. तिसऱ्या कलमाच्या बुंध्याला टेकून बसले होते, टोपी बाजूला पडलेली, चेहरा राखेसारखा आणि घामाने निथळलेला. डोळे उघडे होते, पण मला बघत नव्हते.

मासेवालीने पदराने त्यांचा चेहरा पुसला. "बाई, तुमी ह्यांना आडवे करा. मी रस्त्यावर जातंय." रुग्णवाहिकेला फोन करायचं माझ्या मनात आलं, मी नंबर दाबलाही. रेंज कुठे होती? ती पायऱ्या चढून गेली आणि मी त्यांच्याजवळ एकटी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. वेळ हा रकाना मी तेव्हा भरला नाही. अडतीस, चाळीस, सदतीस, एवढंच आठवतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फोनकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. हे लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते.

तिने जयगडहून रत्नागिरीला निघालेला मासळीचा टेम्पो अडवला होता. चालक आणि त्याचा साथीदार आपल्या पडवीतली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली आले, तिच्यात बसवून त्यांनी आजोबांना वर नेलं. टेम्पोत बर्फाचे खोके बाजूला सारून जागा केली. मी एका बाजूला, मासेवाली दुसऱ्या बाजूला.

वाटेत फोनवरचा आकडाच गेला. तिथे नुसत्या दोन आडव्या रेघा उरल्या.

मी किंचाळले. माझ्या आयुष्यात मी तशी कधी ओरडले नव्हते आणि पुन्हा ओरडू नये. मासेवालीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि माझे तेच हात धरून आजोबांच्या छातीवर दाबले. "ता सोडा. हय बगा. श्वास चाललाय का नाय?" चालला होता. घामाने पट्टा सैल होऊन घड्याळ मनगटावरून घसरलं होतं, एवढंच. पण त्या दोन रेघा मला अजून दिसतात, भाजी चिरताना, पेपर वाचताना, कधीही.

तेवढ्यात आजोबा पुटपुटले, "वास कसला?"

"बांगडे हायत, आजोबा."

"मलापण बर्फात घातलंत की काय?"

मासेवाली हसली, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. मी हात छातीवरून काढला नाही, रुग्णालयाच्या दारात परिचारिकेने तो उचलून बाजूला करेपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. त्याच दिवशी ठोके चालू ठेवायला हृदयात तात्पुरती तार घातली, दोन दिवसांनी पेसमेकर बसवला. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं होतं, ते आठवडाभर माझ्या पर्समध्ये बंद पडून होतं. रुग्णालयात रेंज होती. बाबाला फोन लावला तेव्हा तिकडे पहाट असावी. तो पहिल्यांदा म्हणाला, "आई, चार दिवस आकडे आले नाहीत, मला काही सुचत नव्हतं." घाबरून बसलेली मी एकटी नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मी बाबाला दोष देत नाही, घड्याळालाही नाही. घड्याळ त्यांच्या मनगटावर आपलं काम करतच होतं. मी फक्त ज्या आकड्याने मन शांत होतं तो पत्करला, आणि तास दीड तास माझा माणूस झाडाखाली एकटा होता.

तुमचं घड्याळ आलं की मी ते घालीन. तुम्ही हौसेने घेतलं आहे. पण नेट गेलं आणि तुम्हाला माझा आकडा दिसला, तर त्याखालची बारीक ओळ आधी वाचा. आणि आकडा दिसलाच नाही तर शेजाऱ्यांच्या घरी फोन करा, तोही लागला नाही तर रत्नागिरीच्या डॉक्टरांना. नंबर बाबाकडे दिले आहेत.

आता यंत्र आजोबांची नाडी साठाच्या खाली जाऊ देत नाही. त्यामुळे कितीदाही बघितलं तरी साठच दिसतात, आणि तोच आकडा पुन्हा पुन्हा दिसला की मला ते चार बहात्तर आठवतात. मग मी उठून खोलीत जाते आणि त्यांच्या छातीवर हात ठेवते. ते चिडतात, "झोपू दे की जरा." आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय. डाव्या खांद्याखाली दोन बोटं लांबीचा व्रण आहे. भूक चांगली आहे. आजोबा आहेत.